एककाविना आलेला आकडा : टेबलवरचे गुणधर्म कोडमध्ये वाचताना

एका सहकारी दूध संघातलं हे प्रकरण आहे. आज्ञावली सी शार्प या भाषेतली, डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरवर, आणि देखभाल आमच्याकडे. संघात रोज एक तफावत पत्रक निघतं. गावातल्या संस्थेनं किती दूध पाठवलं आणि संघाच्या डॉकवर, म्हणजे दूध उतरवून घेण्याच्या जागी, किती उतरलं, यांतला फरक त्यात असतो. संस्था लिटरमध्ये मोजते, डॉकवरचा काटा किलोत. गाईच्या दुधाचा एक लिटर म्हणजे साधारण १.०३ किलो. तेव्हा किलोला १.०३ ने भागायचं आणि मग वजाबाकी करायची, एवढाच हिशेब.

नवी आवृत्ती संघाच्या सर्व्हरवर चढली आणि पत्रकात एकाही संस्थेची घट दिसेना. सगळ्यांची वाढच. डॉकच्या पर्यवेक्षकांनी कागद हातात घेतल्याबरोबर सांगितलं, हे होऊच शकत नाही. वाटेत दूध वाढत नसतं. थोडं सांडतं, थोडं कॅनच्या तळाशी राहतं, कुठे संस्थेचं माप सैल असतं. रोज चार-दोन संस्था तरी तुटीत असायलाच हव्यात.

आकडे मांडून बघितलं की काय झालं ते लगेच कळतं. एका संस्थेनं १,००० लिटर पाठवलं आणि तेवढंच उतरलं असं धरा. काटा १,०३० किलो दाखवणार. भागाकार झाला नाही, तर पत्रकावर ३० लिटर वाढ येते. आता दुसऱ्या संस्थेनं १,००० लिटर लिहिलं, पण आलं ९८०. काटा १,००९.४ किलो दाखवतो आणि पत्रकावर ९.४ लिटर वाढ येते. प्रत्यक्षात २० लिटरची तूट आहे आणि कागदावर ती संस्था फायद्यात आहे. जवळजवळ ३ टक्क्यांपर्यंतची प्रत्येक घट अशीच वाढीखाली दडली होती, आणि संघात बहुतेक घट याच पट्ट्यात असते. पर्यवेक्षकांचा अनुभव आड आला नसता तर हे पत्रक तसंच फाइलला लागलं असतं.

चूक भागाकाराच्या ओळीत नव्हती. ती ओळ बरोबर होती आणि चाचणीच्या सर्व्हरवर उत्तरही बरोबर येत होतं. संघाच्या सर्व्हरवर मात्र तो आकडा किलोत आहे, हे कोडपर्यंत पोहोचतच नव्हतं.

एकक कॉलमवरच का लिहिलं

जुन्या आवृत्तीत १.०३ हा आकडा प्रत्येक अहवालाच्या कोडमध्ये वेगवेगळा बसवलेला होता. संकलन, आवक, टँकर, प्रक्रिया अशा निरनिराळ्या टेबलांत ‘क्वांटिटी’ नावाचा कॉलम आहे आणि त्यातलं प्रमाण कुठे लिटरमध्ये आहे, कुठे किलोत. कोणत्या टेबलात काय, हे दोन-तीन जुन्या माणसांच्या डोक्यात होतं. फॅट एका दशांशापर्यंत छापायचं, किलो-फॅट (दुधातल्या फॅटचं वजन) दोन, दर दोन. मराठी मथळा कोणता. हेही असंच पसरलेलं. नवा अहवाल लिहिणाऱ्यानं विचारलं नाही तर चुकलंच समजा.

म्हणून असं ठरलं की ही माहिती त्या त्या कॉलमलाच चिकटवायची. एसक्यूएल सर्व्हरमध्ये यासाठी एक्स्टेंडेड प्रॉपर्टी आहे. ‘एसपी_ॲडएक्स्टेंडेडप्रॉपर्टी’ या प्रोसिजरनं (सर्व्हरवर साठवलेल्या छोट्या आज्ञावलीनं) कोणत्याही टेबलवर, कॉलमवर, व्ह्यूवर (टेबलांवर बांधलेल्या साठवलेल्या क्वेरीवर) नाव आणि मूल्य अशी जोडी लिहून ठेवता येते. मूल्य ७,५०० बाइटपर्यंत चालतं. मॅनेजमेंट स्टुडिओ या एसक्यूएल सर्व्हर हाताळायच्या साधनात कॉलमचं जे वर्णन आपण भरतो, तेही ‘एमएस_डिस्क्रिप्शन’ नावानं याच ठिकाणी साठतं. आम्ही स्वतःचे चार गुणधर्म ठरवले: एकक, दशांश, मथळा आणि छपाईचा क्रम. सगळ्यांच्या नावांना एकच उपसर्ग दिला, म्हणजे दुसऱ्या एखाद्या साधनानं लिहिलेल्या गुणधर्मांशी गल्लत व्हायला नको. हा आराखडा मला आजही पटतो. माहिती आणि माहितीबद्दलची माहिती एकाच बॅकअपमध्ये जाते, एकत्रच परत येते, आणि कॉलमचं नाव बदललं तरी गुणधर्म सुटत नाही, कारण तो नावाला नव्हे, कॉलमच्या क्रमांकाला बांधलेला असतो.

सारख्या नावाच्या दोन जागा

पहिला अडथळा जवळजवळ प्रत्येकाला लागतो. सी शार्पच्या डेटाटेबलमध्येही, म्हणजे स्मृतीत धरलेल्या टेबलमध्येही, ‘एक्स्टेंडेडप्रॉपर्टीज’ नावाचा संग्रह आहे. टेबलला एक आणि प्रत्येक डेटाकॉलमला स्वतंत्र. नाव बघून वाटतं की डेटाबेसमध्ये लिहिलं की डेटाबेसमधून डेटाटेबल भरणाऱ्या डेटाॲडॅप्टरची ‘फिल’ मेथड ते इथे आणून ठेवत असेल. तसं होत नाही. ‘फिल’ फक्त ओळी आणते, आणि कॉलम नसतील तर नाव व प्रकार बघून तयार करते. ‘फिलस्कीमा’ वापरलं किंवा ‘मिसिंगस्कीमाॲक्शन’ला ‘ॲडविथकी’ दिलं तर प्रायमरी की (ओळ ओळखणारा कॉलम), रिकामं चालतं का, मजकुराची कमाल लांबी हेही येतं. पण आपण लिहिलेले गुणधर्म कशानंच येत नाहीत. डेटाटेबलमधला तो संग्रह ही आपल्याला दिलेली रिकामी पिशवी आहे. डेटाबेसमधून आणून ती आपणच भरायची.

भरण्यासाठीची माहिती ‘सिस.एक्स्टेंडेड_प्रॉपर्टीज’ या कॅटलॉग व्ह्यूमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या वस्तूंची नोंद दाखवतो तिथे, असते. त्यातल्या ‘मेजर_आयडी’त टेबलचा क्रमांक, ‘मायनर_आयडी’त कॉलमचा क्रमांक, आणि मायनर शून्य असेल तर तो गुणधर्म अख्ख्या टेबलचा. ‘सिस.कॉलम्स’शी जोडताना ‘क्लास’ बरोबर १ ही अट घालायलाच हवी. इंडेक्सवर (शोध जलद करणाऱ्या सूचीवर) लिहिलेल्या गुणधर्माचा क्लास ७ असतो, त्याच्याही मेजरमध्ये टेबलचाच क्रमांक असतो आणि मायनरमध्ये इंडेक्सचा. अट विसरली तर क्रमांक २ च्या इंडेक्सचं वर्णन क्रमांक २ च्या कॉलमला जाऊन चिकटतं आणि कुठेही त्रुटी येत नाही. कॉलमचा क्रमांक म्हणजे टेबलमधला त्याचा अनुक्रम, असंही धरू नये. मधला कॉलम काढून टाकला की क्रमांकांत खळगा राहतो. जोडणी नेहमी नावावरून क्रमांक शोधून करावी.

आमचे अहवाल थेट टेबलवर नाहीत, व्ह्यूवर आहेत. टेबलच्या कॉलमवर लिहिलेला गुणधर्म त्याच्यावर बांधलेल्या व्ह्यूच्या कॉलमला आपोआप मिळत नाही. व्ह्यूचा कॉलम ही वेगळी वस्तू आहे, वेगळ्या क्रमांकाची. तेव्हा आधी त्याचं मूळ शोधावं लागतं. त्यासाठी ‘डीएम_एक्झेक_डिस्क्राइब_फर्स्ट_रिझल्ट_सेट’ हे फंक्शन आहे. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून ते उपलब्ध आहे. त्याला प्रश्नाचा, म्हणजे क्वेरीचा, मजकूर द्यायचा, तिसऱ्या जागी १ द्यायचा, की प्रत्येक कॉलमपुढे मूळ स्कीमा (टेबलांचा गट), मूळ टेबल आणि मूळ कॉलम येतो. तिथे २ दिला तर मूळ टेबलाऐवजी व्ह्यूचंच नाव मिळतं, त्याचा आपल्याला उपयोग नाही. आणि १ दिला की सर्व्हर कधी कधी आपण न मागितलेले कीचे कॉलमही यादीत घालतो. त्यांच्यापुढे ‘इज_हिडन’ १ असतं, ते गाळायचे.

बेरजेच्या किंवा सूत्रातून आलेल्या कॉलमला मूळच नसतं, तिथे या रकान्यांत नल (काहीच मूल्य नाही) येतो. एकूण किलोचा कॉलम किलोतच असणार हे आपल्याला कळतं, यंत्राला कळायचा मार्ग नाही. म्हणून नियम असा केला की व्ह्यूच्या कॉलमवर स्वतःचा गुणधर्म लिहिलेला असेल तर तो घ्यायचा, नसेल तर मूळ टेबलच्या कॉलमचा. सूत्राच्या प्रत्येक कॉलमला व्ह्यूवरच एकक लिहायचं.

इथपर्यंतचं सगळं चाचणीच्या सर्व्हरवर व्यवस्थित चाललं होतं.

संघाच्या सर्व्हरवर काय वेगळं होतं

पहिला संशय साहजिकच असा आला की गुणधर्म लिहिणारी स्क्रिप्ट तिथे चाललीच नसेल. पण संघाच्या सर्व्हरवर प्रशासकाच्या लॉगिननं बघितलं तर एकूण एक ओळी जागेवर. आवक टेबलच्या क्वांटिटीवर ‘किलो’ स्वच्छ लिहिलेलं. तीच चौकशी आज्ञावलीच्या लॉगिननं केली तेव्हा उलगडा झाला. हे करून बघणं सोपं आहे: आधी ‘एक्झिक्यूट ॲज युझर’ म्हणून आज्ञावलीच्या वापरकर्त्याची भूमिका घ्यायची, तीच क्वेरी चालवायची, मग ‘रिव्हर्ट’. प्रशासकाला दिसणाऱ्या ओळींपैकी आवक टेबलची एकही ओळ या वापरकर्त्याला दिसत नव्हती. ‘ऑब्जेक्ट_आयडी’ला टेबलचं नाव दिलं तर उत्तर नल. म्हणजे ते टेबल अस्तित्वातच नाही असं सर्व्हर त्याला सांगत होता.

कारण अगदी शिस्तीचं आहे. संघात आज्ञावलीच्या वापरकर्त्याला फक्त व्ह्यूंवर वाचनाचा हक्क दिला आहे, मूळ टेबलांवर काहीच नाही. हे योग्यच आहे. व्ह्यू आणि टेबल यांचा मालक एकच असल्यामुळे व्ह्यूतून डेटा वाचताना सर्व्हर टेबलवरचा हक्क पुन्हा तपासत नाही. पण ही सवलत डेटापुरती आहे. एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून कॅटलॉग व्ह्यूंमध्ये माणसाला त्याचा काहीतरी हक्क असलेल्या वस्तूच दिसतात. ज्या टेबलवर हक्क नाही त्याचं नाव, कॉलम, गुणधर्म काहीच नाही. परवानगी नाकारल्याचा संदेशसुद्धा येत नाही. ओळी फक्त गायब असतात.

चाचणीच्या सर्व्हरवर आज्ञावली डेटाबेसच्या मालकाच्या हक्कानं चालत होती, म्हणून तिला सगळं दिसत होतं. इकडे डेटा पुरता आला, गुणधर्म शून्य आले. आणि कोडमध्ये एक ओळ होती: एकक सापडलं नाही तर ‘लिटर’ समजा. या प्रकरणातला खरा घातक भाग मला ती ओळ वाटते. हक्कांची गोष्ट कळायला अवघड आहे, कुणालाही चकवेल. पण एकक नसताना अंदाज न बांधता पत्रक थांबलं असतं, तर पहिल्याच सकाळी फोन आला असता आणि कारण शोधून काम मिटलं असतं. मथळा नसेल तर कॉलमचं नाव छापा, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. क्रम नसेल तर शेवटी टाका. पण एकक ही अशी गोष्ट आहे की ती माहीत नसेल तर आकडा माहीत नाही असंच धरायला हवं.

दुरुस्ती

दोन मार्ग होते. वापरकर्त्याला स्कीमावर ‘व्ह्यू डेफिनिशन’ हा हक्क दिला की सगळे गुणधर्म दिसू लागतात. एका ओळीचं काम. पण त्याबरोबर त्या स्कीमातल्या सगळ्या प्रोसिजरचा मजकूरही वाचता येतो, आणि त्यात दराची सूत्रं आहेत. संघाचे डेटाबेस सांभाळणारे याला तयार नव्हते आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं.

म्हणून दुसरा मार्ग घेतला. एक छोटी स्टोअर्ड प्रोसिजर लिहिली, ‘विथ एक्झिक्यूट ॲज ओनर’ लावून, म्हणजे ती चालते तेव्हा मालकाच्या नजरेनं कॅटलॉग बघते. तिला प्रश्नाचा मजकूर द्यायचा नाही, फक्त स्कीमाचं आणि व्ह्यूचं नाव द्यायचं. नाव खरंच व्ह्यूंच्या यादीत आहे का ते आधी तपासायचं, ‘कोटनेम’मधून काढायचं, आणि आतला प्रश्न तिनं स्वतः तयार करायचा. मालकाच्या हक्कानं चालणाऱ्या प्रोसिजरला बाहेरून कुणी वाटेल तो मजकूर देऊ शकलं, तर सगळी शिस्त पाण्यात जाते. म्हणून यावर आम्ही अजिबात तडजोड केली नाही. आज्ञावलीला या एका प्रोसिजरवर चालवण्याचा हक्क दिला, बाकी काही नाही. ती व्ह्यूच्या प्रत्येक कॉलममागे चार गुणधर्म देते आणि ते कुठून आले, व्ह्यूवरून की टेबलवरून, हेही देते.

सी शार्पच्या बाजूला ‘फिल’नंतर लगेच एक पद्धत चालते. ती या ओळी घेऊन प्रत्येक डेटाकॉलमचा संग्रह भरते, मथळा ‘कॅप्शन’मध्ये टाकते आणि ग्रिडच्या शीर्षकातही ठेवते. ज्या कॉलमचा डेटाप्रकार दशांश (डेसिमल) आहे आणि ज्याला एकक मिळालेलं नाही, अशा पहिल्या कॉलमपाशी ती थांबते आणि व्ह्यूचं व कॉलमचं नाव सांगून त्रुटी देते. टक्केवारी किंवा दर असेल तर तिथेही ‘टक्के’, ‘रुपये प्रति लिटर’ असं लिहिलेलंच हवं. रिकामं एकक चालत नाही.

हा कडक नियम लावला आणि आणखी चुका आपोआप वर आल्या.

फॅटच्या कॉलमवर दशांश १ लिहिलेला होता, तरी छपाई दोन दशांशांची होत होती. गुणधर्माचं मूल्य ‘एसक्यूएल_व्हेरिएंट’ या प्रकारात साठतं, आणि हा प्रकार आपण जे दिलं त्याचा मूळ प्रकार जसाच्या तसा लक्षात ठेवतो. बहुतेक कॉलमवर १ किंवा २ हा अंक लिहिलेला होता, फॅटवर तो अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून. सी शार्पमध्ये ते मूल्य ऑब्जेक्ट म्हणून येतं. ते थेट पूर्णांक समजून वाचलं (कास्ट केलं) की मजकुराच्या वेळी अपवाद (त्रुटी) फेकला जातो, आणि तो अपवाद गिळून २ हे ठरीव मूल्य वापरलं जात होतं. आता ‘कन्व्हर्ट.टूइंट३२’ वापरतो, त्याला दोन्ही चालतात, आणि अपवाद वर येऊ देतो. लिहिणारी स्क्रिप्टही ‘एसक्यूएल_व्हेरिएंट_प्रॉपर्टी’नं मूळ प्रकार तपासून बघते.

मराठी मथळ्यांचं वेगळंच. काही मथळे बरोबर होते, काहींच्या जागी प्रश्नचिन्हं. फॅटच्या जागी तीन, एसएनएफच्या (दुधातल्या फॅटखेरीज घन पदार्थांच्या) जागी सहा. ज्या ओळींत मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी मोठा एन लिहिला नव्हता, त्याच बिघडल्या होत्या. एन नसेल तर सर्व्हर तो मजकूर डेटाबेसच्या कोडपेजमध्ये, म्हणजे मोजक्या चिन्हांच्या तक्त्यात, बसवायला जातो, देवनागरीला तिथे जागा नसते, आणि प्रत्येक चिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह पडतं. फ, चंद्र, ट अशी तीन. एकदा असं साठलं की मूळ मजकूर परत मिळत नाही, पुन्हाच लिहावा लागतो. २०१९ च्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ कोलेशन (सगळ्या लिपी साठवणारी मजकुराची मांडणी) आलं आहे, तिथे हे टळतं, पण संघाचा डेटाबेस जुन्या कोलेशनवर आहे. गुणधर्मांची नावं मात्र आम्ही सुरुवातीपासून रोमन लिपीत ठेवली होती म्हणून वाचली. नावाचाच प्रश्नचिन्हांचा पुंजका झाला असता तर कोडला शोधायला काहीच उरलं नसतं.

तिसरी चूक मार्चअखेरच्या कामात सापडली. आर्थिक वर्ष संपलं की जुन्या वर्षाचा डेटा ‘सिलेक्ट इंटू’नं वेगळ्या टेबलात जातो. ‘सिलेक्ट इंटू’ कॉलम आणि ओळी नेतं, एक्स्टेंडेड प्रॉपर्टी नेत नाही. म्हणजे मागच्या सगळ्या वर्षांची टेबलं बिनएककाची. आता वर्षअखेरच्या कामात टेबल आधी स्क्रिप्टनं तयार होतं, गुणधर्मांसकट, आणि मग त्यात ओळी भरल्या जातात.

संस्थांकडे जाणाऱ्या एक्सएमएल फाइलमध्येही हेच घडत होतं. डेटाटेबल ‘राइटएक्सएमएल’नं लिहिताना स्कीमा सोबत लिहायला सांगितलं नाही, तर संग्रहातले गुणधर्म फाइलमध्ये जात नाहीत. ‘राइटस्कीमा’ दिल्यावर जातात, फक्त पलीकडे सगळी मूल्यं मजकूर म्हणून पोहोचतात. आमचा वाचणारा कोड आता तसं धरूनच चालतो.

गुणधर्म प्रत्येक अहवालाला पुन्हा वाचत नाही, आज्ञावली सुरू होताना एकदा वाचून स्मृतीत ठेवतो. ‘सिस.एक्स्टेंडेड_प्रॉपर्टीज’मध्ये बदलाची तारीख नसते, त्यामुळे काही बदललं का हे स्वस्तात कळत नाही. प्रशासकाच्या पडद्यावर ‘गुणधर्म पुन्हा वाचा’ असं बटण आहे. एवढं पुरतं.

एक जागा अजून उघडी आहे. दहा दिवसांच्या बिलाचा अहवाल व्ह्यूवर नाही, एका मोठ्या स्टोअर्ड प्रोसिजरवर आहे, आणि ती आत तात्पुरती टेबलं वापरते. अशा प्रोसिजरचं वर्णन कॉलमचं मूळ शोधणारं ते ‘डीएम_एक्झेक_डिस्क्राइब_फर्स्ट_रिझल्ट_सेट’ फंक्शन करू शकत नाही. ते त्रुटीही फेकत नाही. कॉलमच्या यादीऐवजी एकच ओळ देतं आणि त्या ओळीच्या त्रुटी क्रमांकाच्या रकान्यात ११५२६ लिहितं. तो रकाना न बघणाऱ्याला वाटेल की अहवालात कॉलमच नाहीत. या प्रोसिजरसाठी तिच्या कॉलमांशी जुळणारा एक रिकामा व्ह्यू बनवला आहे. तो कधीच ओळी देत नाही, फक्त गुणधर्म धरून ठेवतो. प्रोसिजरमध्ये कॉलम वाढला की हा व्ह्यूही बदलावा लागतो, आणि ते आज माणसाच्या लक्षात राहण्यावर आहे. राहिलं नाही तर बिल एककाच्या तपासणीपाशी अडतं. प्रोसिजर तात्पुरत्या टेबलांशिवाय लिहिणं हा त्यावरचा खरा उपाय. ते काम पुढच्या दरपत्रकाच्या बदलाबरोबर करायचं ठरलं आहे, कारण तेव्हा ती प्रोसिजर तशीही उघडावी लागणार आहे.